पातेले एक, आवडी अनेक

पुणे : 'चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो,' असे म्हणणाऱ्या पुणेकरांच्या घरात चहा कसा असावा, याविषयी मात्र क्वचितच एकमत आढळते. आजोबांना कडक आणि गोड हवा, सुनेला आल्याचा, मुलाला बिनसाखरेचा, तर आजींना गवती चहा घातल्याशिवाय चहा प्यायल्यासारखे वाटत नाही. पातेले मात्र एकच असते. त्यामुळे चहा करणाऱ्याने कोणाची आवड सांभाळायची, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहतो. थोडी माहिती असल्यास तो सुटू शकतो.

भुकटी, दाणेदार की पानाचा?

आसामात चहाची झुडपे असल्याची नोंद रॉबर्ट ब्रूस यांनी १८२३ मध्ये केली आणि १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये लिलाव झाला. तरीही भारतीय घरांत चहा सर्रास पोहोचला तो विसाव्या शतकातच. १९३० च्या सुमारास आसाममध्ये पाने चिरडून, फाडून, त्यांचे दाणे वळणारे यंत्र तयार झाले. त्यातून निघालेला 'सीटीसी' चहा लवकर रंग सोडतो, कमी पुडीत जास्त कप देतो आणि दुधासमोर फिका पडत नाही. दूध-साखरेच्या चहाची सवय रुजण्यास हेच गुण उपयोगी पडले.

कण जितका बारीक, तितका अर्क लवकर उतरतो, हे साधे गणित आहे. भुकटीला दोन मिनिटांची उकळी पुरते. दाणेदार पुडीला थोडा अधिक वेळ लागतो. दार्जिलिंगसारखा पानाचा चहा मात्र कधीच उकळू नये. आधण उतरवून त्यात पाने टाकावीत आणि तीन ते पाच मिनिटे झाकण ठेवावे. सुटी चहापूड विकणाऱ्या दुकानांतून भुकटी आणि दाणेदार पूड आपल्या प्रमाणात मिसळून घेण्याची अनेक घरांची रीत आहे. रंग आणि स्वाद यांचा मेळ त्यातून साधतो.

दूध आधी की नंतर?

अमृततुल्य हे पुण्याच्या चहाचे खास वैशिष्ट्य. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी शहरात रुजवलेल्या या दुकानांत पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर, पूड आणि कुटलेले आले-वेलदोडे एकत्र उकळून चहा फडक्यातून गाळला जातो. घरोघरी हीच पद्धत रूढ असली, तरी दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. या मंडळींच्या मते पुडीचा अर्क आधी पाण्यात उतरवावा, चहा गाळावा आणि गरम दूध वरून घालावे. पहिल्या पद्धतीत चहा दाट होतो. दुसरीत पुडीचा स्वाद स्पष्ट लागतो. चहा फार वेळ उकळला तर दोन्ही पद्धतींत तुरटपणा वाढतो.

बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये उत्तम चहाचे अकरा नियम सांगणारा लेख लिहिला होता. दूध नंतर घालावे, असे त्यांचे मत होते. मात्र या मुद्द्यावर ब्रिटनमधील घराघरांत दोन पक्ष असल्याचेही त्यांनी मान्य केले होते.

चहा नासू नये म्हणून

ताज्या आल्यात दुधातील प्रथिने तोडणारा घटक असतो. कोमट दुधात कच्चे आले पडल्यास दूध फाटते. आले पाण्यात चांगले उकळले की हा घटक निष्प्रभ होतो. म्हणून आले आधी, दूध नंतर. गुळातील आम्लतेमुळेही दूध नासण्याची शक्यता असते. गुळाचा चहा करताना गॅस बंद केल्यावर गूळ विरघळवावा किंवा कपातच घालावा. गवती चहाचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. त्यामुळे पात शेवटी टाकून झाकण ठेवणे चांगले. वेलदोड्यालाही हेच लागू पडते.

आवडीला आरोग्याची जोड

चहाची वेळ हा केवळ आवडीचा विषय नाही. चहातील टॅनिनसारखे घटक अन्नातील, विशेषतः धान्य, डाळी आणि पालेभाज्यांमधील लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतात. पोह्यांवर पिळलेले लिंबू लोहशोषणास मदत करते. पण सोबतचा चहा त्याच्या उलट काम करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. हे लक्षात घेता पोहे-चहा, चहा-पोळी या जोड्यांचा फेरविचार व्हायला हवा. घरात सर्वांसाठी चहा टाकणारी गृहिणी अनेकदा स्वतः मात्र नाश्त्याऐवजी चहावरच सकाळ काढते. जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवले आहे.

साखरेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे धरले, तर सुमारे ३५ ते ४० ग्रॅम साखर एकट्या चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली आदर्श मर्यादा प्रौढांसाठी सुमारे २५ ग्रॅम आहे.

एका पातेल्यात सर्वांची सोय

- पाण्यात आले घालून उकळी आणावी, पूड टाकून दोन-तीन मिनिटांनी कोरा चहा गाळून घ्यावा.
- दूध वेगळे गरम ठेवावे. साखर ज्याने त्याने आपल्या कपात घ्यावी.
- कडक चहा हवा असल्यास उकळण्याचा वेळ न वाढवता पूड वाढवावी.
- गाळलेला चहा पुन्हा पुन्हा तापवू नये.

अमृततुल्यचा दाटपणा या चहाला येणार नाही, हे खरे. मात्र बिनसाखरेचा आणि गोड, कडक आणि फिका असे सारे कप एकाच वेळी तयार होतात आणि चहा करणाऱ्यालाही सर्वांबरोबर बसून आपला कप गरम असतानाच पिता येतो.