पश्चिमेला मध्यपूर्व म्हणणारा कप्तान

वृत्तपत्र उघडले की 'मध्यपूर्व' हा शब्द भेटतोच. मध्यपूर्वेत युद्ध पेटले, मध्यपूर्वेत तेल भडकले, आपल्या मोहल्ल्यातला अमुकचा मुलगा मध्यपूर्वेत नोकरीला लागला. आम्हीही हा शब्द वर्षानुवर्षे लिहीत आलो, कधी अडलो नाही. एकदा मुसल्ला अंथरताना सहज मनात आले की महाराष्ट्रातल्या कोणत्याही मशिदीत गेले तरी मेहराब पश्चिमेच्या भिंतीत असतो. घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते की किब्ला पश्चिमेला. मग ज्या दिशेला तोंड करून आपण पाच वेळा उभे राहतो, त्याच दिशेच्या मुलखाला नमाज आटोपल्यावर 'पूर्व' कसे म्हणतो? कुणाच्या ओट्यावर उभे राहिले म्हणजे अरबस्तान पूर्वेला दिसते?

या प्रश्नाचा माग काढताना आम्ही एका विचित्र ठिकाणी जाऊन पोहोचलो. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचे बंदर आहे. तेथल्या एका लहानशा बेटावर १८८४ मध्ये स्टीफन ल्यूस या नौदल अधिकाऱ्याने 'नेव्हल वॉर कॉलेज' सुरू केले. बंदूक डागायला किंवा शीड बांधायला शिकवणारे हे कॉलेज नव्हते. युद्ध का होते, समुद्रावर ते कसे जिंकले जाते, याचा अभ्यास तिथे व्हायचा होता. सरकारने इमारत दिली ती निराधारांसाठी बांधलेली जुनी. आपल्याकडे पाहुण्याला अदबीने 'गरीबखान्यावर तशरीफ आणा' म्हणतात. हा मात्र अक्षरशः गरीबखाना होता.

ल्यूसने तेथे इतिहास शिकवण्यासाठी ज्याला बोलावले तो आल्फ्रेड थेअर मॅहन. जन्म १८४०. वडील वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्राध्यापक, त्यामुळे युद्ध हा विषय घरात पुस्तकांतूनच आलेला. मुलगा नौदलात गेला खरा, पण दर्याशी त्याचे कधी जमले नाही. जहाज हाकण्यात त्याची कीर्ती बेताचीच होती. ल्यूसचे पत्र आले तेव्हा तो दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर 'वॅचुसेट' नावाच्या जुनाट जहाजावर कंटाळत होता. पेरूची राजधानी लिमा येथे इंग्रजांच्या क्लबातल्या ग्रंथालयात तो मॉमसेनचा रोमचा इतिहास वाचत बसला, आणि हॅनिबलपाशी थबकला. कार्थेजचा, म्हणजे आजच्या ट्युनिसजवळचा हा सेनापती आल्प्स ओलांडून इटलीत उतरला आणि त्या वाटेत त्याचे निम्मेअधिक सैन्य खपले. तो समुद्रमार्गे आला असता तर? येऊ शकला नाही, कारण समुद्र रोमच्या ताब्यात होता. मॅहनच्या सगळ्या विद्वत्तेचे बीज या एका प्रश्नात आहे, असे त्याने स्वतःच पुढे आठवणींत सांगितले.

१८८६ मध्ये तो न्यूपोर्टला आला आणि लगेच कॉलेजचा अध्यक्ष झाला. नौदलातल्याच बड्या मंडळींना हे कॉलेज नको होते. लढणाऱ्याने पुस्तके कशाला वाचायची, हा त्यांचा सवाल. वर्गातल्या व्याख्यानांचे त्याने पुस्तक केले, ते काही प्रकाशकांनी परत पाठवले, आणि अखेर १८९० मध्ये बोस्टनला छापले गेले: 'इतिहासावर सागरी सत्तेचा प्रभाव, १६६० ते १७८३'. युरोपात त्याची धूम उडाली. जर्मनीचा कैसर त्याची पारायणे करू लागला, जपानने भाषांतर करून आपल्या अधिकाऱ्यांना वाचायला दिले, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने त्याला १८९४ मध्ये सन्माननीय पदव्या दिल्या. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी त्याच्या वरिष्ठाने पुस्तके लिहिणे हे नौदल अधिकाऱ्याचे काम नव्हे असे सुनावून त्याला पुन्हा जहाजावर धाडले होते. त्याच जहाजातून तो इंग्लंडला पोहोचला आणि तिथे त्याचे शाही स्वागत झाले.

ग्रंथाचे म्हणणे थोडक्यात असे. राष्ट्राची ताकद व्यापारात, व्यापार समुद्रावर, आणि समुद्र त्याचा ज्याच्याकडे लढाऊ जहाजांचा मोठा ताफा आणि वाटेवरची बंदरे आहेत. देशाची जागा, किनारा, लोकसंख्या, लोकांचा स्वभाव, सरकारची धाटणी यांवर हे ठरते. ब्रिटनने हे ओळखले म्हणून तो जिंकला. यात चूक फारशी नाही. त्याच १८९० साली आमच्या आजापणजांच्या पिढीने त्याची उलटी बाजू पाहिली. सुलतान अब्दुल हमीदने जपानला सदिच्छा भेटीवर धाडलेले 'एर्तुग्रुल' हे जुने लाकडी जहाज १८८९ च्या ऑक्टोबरात मुंबईला थांबले होते. खलिफाचे जहाज म्हणून मुसलमानांनी बंदरावर गर्दी केली. परतीच्या वाटेवर १६ सप्टेंबर १८९० रोजी जपानच्या किनाऱ्यालगत ते वादळात फुटले आणि पाचशेहून अधिक माणसे बुडाली. ज्या आरमाराचा सोळाव्या शतकात भूमध्य समुद्रावर दरारा होता, त्याची जहाजे आता वर्षानुवर्षे इस्तंबूलच्या खाडीत नांगरून पडत. एवढे मॅहनचे बरोबर.

आमची तक्रार वेगळी आहे. त्याने जी साधने वाचली ती इंग्रजी आणि फ्रेंच, तीही बहुतेक छापील. जो काळ निवडला तो १६६० ते १७८३. आता मराठी वाचकाने हे सनावळीचे आकडे क्षणभर कोकणपट्टीवर ठेवून पाहावेत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईचे इंग्रज हादरले. जंजिऱ्याचा सिद्दी त्यांच्या बाजूने उतरला. बेटावर मायनाक भंडारी ठाण मांडून बसला आणि महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखान याने १८ ऑक्टोबरला इंग्रजांच्या ताफ्यावर झडप घातली. इंग्रजांचे 'डव्ह' हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज' ही मोठी फ्रिगेट टिकून राहिली, पण बेट काही इंग्रजांना मिळाले नाही. उथळ खाड्या, वल्ह्यांनी चालणारी चपळ गलबते, वारा पडला की मोठे जहाज अडकणार आणि लहान पुढे सरकणार, हे सारे सागरी युद्धशास्त्रच आहे. मोठा ताफा, मोठी लढाई या मॅहनच्या हिशेबात ते बसत नाही.

आणखी एक गोष्ट खांदेरीत दिसते. दौलतखान मुसलमान, सिद्दीही मुसलमान. एक शिवाजी महाराजांचा, दुसरा मोगलांचा. शाळेच्या पुस्तकात आपल्याला सिद्दी ठळक अक्षरांत भेटतो, दौलतखान मात्र शोधावा लागतो. न्यूपोर्टच्या कप्तानाला दोष देताना आपल्या घरातली ही विसरभोळी नजर झाकून ठेवणे बरे नव्हे.

हिंदी महासागर त्याच्या ग्रंथात अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. एका प्रकरणात तो फ्रेंच सेनानी सफ्रां याच्या मोहिमेवर मन लावून लिहितो. १७८२ आणि १७८३ मध्ये सफ्रां आणि इंग्रज अ‍ॅडमिरल ह्यूज यांच्यात मद्रासपासून त्रिंकोमालीपर्यंत पाच लढाया झाल्या. जुलै १७८२ मध्ये कडलूरला हैदरअलीने सफ्रांची भेट घेतली. पण मॅहनच्या पानांवर हैदर येतो तो जमिनीवरचा दोस्त म्हणून. समुद्र दोन गोऱ्यांचा, किनारा काळ्याचा, अशी ती मांडणी. वास्तविक हैदरने मंगळूरला स्वतःची जहाजे बांधून घेतली होती. १७८० च्या डिसेंबरात याच ह्यूजने ती तेथे जाऊन नष्ट केली. ज्याला समुद्राशी घेणेदेणे नाही त्याची जहाजे जाळायला कोणी एवढा वळसा घालत नाही. पुढे १७९६ मध्ये टिपूने आरमारासाठी वेगळे खातेच उभारले. तीन वर्षांत तोही राहिला नाही आणि खातेही.

१८९६ मध्ये मॅहन निवृत्त झाला आणि लेखणी अधिकच सरसावून बसला. १९०० च्या एका पुस्तकात त्याने आशियाच्या नकाशावर तीस ते चाळीस अक्षांशांच्या दरम्यान एक पट्टा आखला, तुर्कस्तानपासून कोरियापर्यंत. उत्तरेकडून रशिया आणि समुद्राकडून ब्रिटन येथे भिडणार, हा पट्टा कुणाचा ते ठरायचे आहे, असे त्याचे गणित. त्या पट्ट्यात राहणाऱ्या कोट्यवधींचे मत या गणितात कोठे येत नाही.

मग सप्टेंबर १९०२. लंडनच्या 'नॅशनल रिव्ह्यू' मासिकात इराणच्या आखातावर त्याचा लेख आला. रशिया वरून उतरतो आहे, जर्मनी बगदादपर्यंत रेल्वे नेऊ पाहतो आहे, अशा वेळी सुएझहून हिंदुस्थानकडे जाणाऱ्या ब्रिटिश जहाजांची वाट सांभाळायची तर या आखाताभोवती माल्टा आणि जिब्राल्टरसारखी ठाणी लागतील, हा लेखाचा मुद्दा. त्या टापूला नाव हवे होते. 'जवळची पूर्व' होती, चीन-जपानची 'दूरची पूर्व' होती. मधल्या जागेला त्याने 'मध्यपूर्व' म्हटले. हा शब्द त्याआधीही तुरळक वापरला गेला होता, पण चालता झाला तो या लेखाने. 'टाइम्स'च्या व्हॅलेंटाइन चिरोलने लगोलग तो उचलून लेखमाला लिहिली. १९०३ च्या त्याच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात विषय सरळच सांगितला आहे: हिंदुस्थानच्या संरक्षणाचे प्रश्न. १९२१ मध्ये चर्चिलने वसाहत खात्यात या नावाचा विभाग काढला आणि शब्दावर सरकारी शिक्का बसला.

म्हणजे त्या नावात अरब नाही, इराणी नाही, तुर्क नाही. आहे ती लंडनहून मुंबईला जाणारी एक वाट आणि तिच्यावरचा पहारा. आणि याच समुद्रावरून कोकणचे नाखवे आणि तांडेल कित्येक शतके मस्कत, बसरा, जेद्दा करीत आले. हजची जहाजे तर मुंबईहून १९९५ पर्यंत निघत होती. त्यातल्या कुणाला आपण पूर्वेला चाललो असे वाटले नसेल. आपले परराष्ट्र खाते 'पश्चिम आशिया' म्हणते. मराठी वृत्तपत्रांनाही ते जमण्यासारखे आहे. आम्ही निदान स्वतःपुरती सुरुवात केली आहे. अधूनमधून जुनी सवय डोके वर काढते, ते सोडा.

मॅहन १ डिसेंबर १९१४ रोजी वॉशिंग्टनमध्ये वारला. शेवटच्या आठवड्यांत त्याने आखातातल्या बातम्या वाचल्या असतील काय, हा विचार आमच्या मनात येतो. त्याने सांगितलेली ठाणी घेण्याचे काम तेव्हा सुरू झाले होते. १६ ऑक्टोबरला मुंबई बंदरातून सैन्याने भरलेली जहाजे निघाली होती. त्यात सहाव्या डिव्हिजनची पहिली तुकडी होती. या डिव्हिजनचे नाव पुणे डिव्हिजन, आणि त्या तुकडीत इंग्रज शिपायांबरोबर पंजाबी पलटण होती आणि ११७ वी मराठा पलटणही. ६ नोव्हेंबरला ते फावच्या किनाऱ्यावर उतरले, त्याच महिन्यात बसरा पडले. समोर तुर्क आणि अरब होते. इंग्रजांच्या नकाशावर ते मध्यपूर्वेत पोहोचले होते. जहाजे मात्र मुंबईहून निघाल्यापासून मावळतीकडे चालली होती.