खारेपाटातली कंबर आणि तिची रात्र

1883 साली कुलाबा जिल्ह्याचं, म्हणजे आजच्या रायगडचं, गॅझेटिअर छापलं गेलं. भातशेती, खारजमिनी, मिठागरं यांची त्यात तपशीलवार माहिती आहे. ज्या कंबरा वाकवून हे सारं उभं राहिलं, त्यांचा इतिहास मात्र याच जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या कामाच्या रीतींवरूनच वाचावा लागतो.

खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या या खारजमिनींत, खाडीचं पाणी अडवायला चिखलाचे बांध घालायचे, तेही दरवर्षी डागडुजी करून. आषाढात बायकांनी दिवसभर ओणव्यानं भाताची लावणी करायची. उन्हाळ्यात मिठागरातलं मीठ ओढून टोपल्यांनी डोक्यावरून वाहायचं. पेणच्या घराघरांत पापड लाटणाऱ्या हातांमागेही पोळपाटावर झुकलेली पाठ असतेच. गणपतीच्या कारखान्यांत, पेण शहरात असो की हमरापूर-जोह्यात, माणसं मांडी घालून तासन्‌तास मूर्ती रंगवतात आणि मग त्याच जड मूर्ती उचलून हलवतात. पुढे वाकून ओझं उचललं की मणक्यांमधल्या चकतीवर सर्वाधिक ताण येतो, आणि इथल्या कामांत नेमकं तेच वर्षानुवर्षं करावं लागलं.

अशा माणसाची रात्र सारवलेल्या जमिनीवर, चटईवर किंवा गोधडीवर जाई. उसण भरली तर निरगुडीच्या पाल्याचा शेक, तेलाचं मर्दन, नाहीतर हाडवैद्य. शेकानं आखडलेले स्नायू सैल होतात, हे खरंच. पण कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर दुखणं नसेचं असू शकतं. चरकसंहितेत गृध्रसीची, म्हणजे आजच्या सायटिकाची, कळ कुल्ल्यापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असा माग काढत पावलापर्यंत जाते. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी 1764 मध्ये या वेदनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मणक्यांमधली चकती सरकून नस दाबते, हे कारण मात्र 1934 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी ठामपणे मांडलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं डॉक्टर सांगत राहिले: फळीवर झोपा, आठवडेच्या आठवडे उठू नका. लावणीच्या दिवसांत कुळाच्या बायकोला हे कसं परवडावं?

1999 साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 183 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, बाकीच्यांना नाही. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत 87 टक्के रुग्णांना बरं वाटत होतं. पडून राहण्यानं काही हाती लागलं नव्हतं. 2003 साली स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 313 जणांना वेगवेगळ्या गाद्या दिल्या, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. हा अभ्यास पायात कळ उतरणाऱ्यांवर नव्हता, तरी कडक फळीवरचा विश्वास त्यानं सैल केला.

म्हणून आज पेण-रोह्याच्या घरात नवी गादी घेण्याआधी झोपण्याची ढब बदलून पाहावी. कुशीवर झोपताना गुडघे थोडे दुमडून मध्ये उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवावी, म्हणजे वरचा पाय पुढे पडून कंबर पिळत नाही. उताणं झोपायचं तर गुडघ्यांखाली लोड घ्यावा. पालथं झोपल्यानं पुष्कळांची कळ वाढते. उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या आधारानं बसावं. जमिनीवरून उठणं फार जड जात असेल तर काही दिवस खाट बरी. कळ सोसवेल तेवढं दिवसा चालावं.

लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेभोवती बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला, तर शेक-मर्दनात वेळ घालवू नये. त्याच रात्री गाडी करून इस्पितळ गाठावं, कारण नसेवरचा तो दाब तातडीनं सोडवावा लागतो आणि उशीर झाला तर अपंगत्व कायमचं राहू शकतं.