मोबाइल संच व डेटासेवेची निवड : कोडोली व वारणा परिसर

रोजच्या वापरासाठी फोन आणि त्यावरची बिनतारी डेटासेवा पारखून घेणे. कोडोली (ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर) व लगतच्या वारणानगर भागात या विषयाचा इतिहास मोबाइलच्या दुकानांतून नव्हे, उसाच्या हिशेबातून सुरू होतो.

तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या क्षेत्रात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडायची होती. खर्च केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा समूहाने वाटून घेतला. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे बेत मोठे होते. प्रत्यक्षात गावच्या संगणक केंद्रावर येणाऱ्या ऊसउत्पादकाला हवी असे ती साखर कारखान्याकडची आपली नोंद : ऊस किती टन गेला, खत किती उचलले. एवढ्यासाठी गावोगाव संगणक सांभाळणे महागात पडू लागले.

‘मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया’चे राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंतारो तोयामा यांनी नेमके हेच हेरले. ‘वारणा अनवायर्ड’ या त्यांच्या प्रयोगात संगणकाची जागा मोबाइलवरील एसएमएसने घेतली. सात गावांत तो आठ महिने चालला. संगणकावरची सगळी कामे त्यात झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही हीच पद्धत अधिक रुचली. सर्वत्र हा बदल केल्यास समूहाचे सुमारे १० लाख रुपये वाचतील, असा अंदाज निघाला. चकचकीत यंत्र नाकारून साधा फोन निवडणे हा मागासपणा नव्हता. गरज आधी पाहिली, एवढेच.

आज निवड अधिक गुंतागुंतीची आहे. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून बऱ्या शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झवर डेटा भरपूर मिळतो, पण टप्पा आखूड. कंपनी लहरींच्या ज्या पट्ट्यांवर सेवा देते ते फोनमध्ये नसतील, तर महागडा संचही निकामी. जिओचे जाळे ४जीपासूनच सुरू होते, म्हणून जुना २जी बटणांचा फोन त्यावर चालत नाही. रेंज दुकानाच्या दारात तपासून उपयोग नाही. ज्या घरात झोपायचे आणि ज्या शेतात रात्रपाळीचे पाणी द्यायचे तिथे, शेजाऱ्याच्या सिमवरून का होईना, ती पाहावी. दोन सिमांचा फोन असेल तर ती दोन्ही निरनिराळ्या कंपन्यांची असावीत. एकाच कंपनीची दोन सिमे घेऊन टॉवर बंद पडल्यावर हळहळणारे गावोगाव भेटतात.

कंपनी पटली नाही तर नंबर तोच ठेवून बदलता येतो. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ‘PORT’ आणि आपला नंबर असा संदेश १९०० वर पाठवायचा. मात्र आधीच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावे लागतात.

डेटा नको असलेल्या माणसाला तो रिचार्जबरोबर गळ्यात पडत असे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) केवळ बोलणे व एसएमएस यांसाठी वेगळे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले. उसाचे वजन एसएमएसवर मागवणाऱ्या गावांना ते त्याच्या कितीतरी आधी उपयोगी पडले असते.