राजाबाई टॉवर ते पनवेल : मुंबई विद्यापीठ आपल्या दारापर्यंत कसे आले?

पनवेल, तळोजा, उरण, कर्जत या भागातील हजारो मुले-मुली दरवर्षी पदवीधर होतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर 'मुंबई विद्यापीठ' असे लिहिलेले असते. पण त्यांतील बहुतेकांनी फोर्टमधील विद्यापीठाची इमारत आतून पाहिलेली नसते. कालिन्याला जायचे ते एखादा दाखला आणायला, नाहीतर मार्कशीटमधील नावाची चूक दुरुस्त करून घ्यायला. ज्या विद्यापीठात आपण कधी बसलोच नाही, त्याचे पदवीधर आपण कसे झालो? या प्रश्नाच्या उत्तरात विद्यापीठाचा इतिहास तर आहेच, शिवाय शिक्षणात आपल्या समाजाच्या मागे पडण्याचा आणि पुढे येण्याचाही इतिहास आहे.

न शिकवणारे विद्यापीठ

१८५४ साली चार्ल्स वूड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि त्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाची तारीख १८ जुलै १८५७. उत्तर हिंदुस्थानात उठावाचा वणवा पेटलेला असताना इकडे विद्यापीठाचा कायदा मंजूर झाला. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. त्या नमुन्यात विद्यापीठाने शिकवायचे नव्हते. महाविद्यालयांना मान्यता द्यायची, अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढेच त्याचे काम. वर्ग, शिक्षक, ग्रंथालय, वसतिगृह हे सगळे महाविद्यालयाने पाहायचे.

आपल्याकडच्या जुन्या परंपरेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. मदरशात उस्ताद स्वतः शिकवत असे आणि शागीर्द तयार झाला की स्वतःच त्याला सनद देत असे. सनदेची किंमत उस्तादाच्या नावावर ठरे. नव्या पद्धतीत शिकवणारा वेगळा आणि सनद देणारा वेगळा. परीक्षकाने विद्यार्थ्याचा चेहराही पाहिलेला नसे. यात तोटा होता तसा एक मोठा फायदाही होता. महाविद्यालय कोणीही काढावे, सरकारने, मिशनऱ्यांनी किंवा एखाद्या समाजाने. परीक्षा सर्वांना सारखीच. पुढे आपल्याला उपयोगी पडली ती हीच सोय.

१८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत चार जण होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे.

इमारत उशिरा आली

विद्यापीठ आधी सुरू झाले आणि त्याला घर नंतर मिळाले. सुरुवातीला कामकाज टाऊन हॉलमध्ये चाले. फोर्टमधील वास्तूचा आराखडा इंग्लंडचे नामवंत वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी तिकडेच बसून केला. ते स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. त्याला सर कावसजी जहांगीर यांचे नाव आहे, कारण देणगी त्यांची. ग्रंथालय आणि घड्याळाचा मनोरा यांसाठी कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दोन-दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव दिले गेले, राजाबाई. २८० फूट उंचीचा हा मनोरा १८७८ मध्ये बांधून झाला.

म्हणजे कायदा सरकारचा, पण दगडविटांचा मोठा पैसा पारशी आणि जैन व्यापाऱ्यांचा. हे लक्षात ठेवायला हवे. या विद्यापीठाच्या इतिहासात सरकारने दार उघडले, पण आत जाण्यासाठी पायऱ्या प्रत्येक समाजाने आपापल्या बांधल्या.

मराठी बाहेर

आज अनेकांना खरे वाटणार नाही, पण ज्या विद्यापीठाचे पहिले पदवीधर मराठी होते, त्याने आपल्या वरच्या परीक्षांतून मराठीला बाहेर काढले होते. १८६० च्या दशकात देशी भाषांऐवजी संस्कृत, लॅटिन, अरबी, फारसी या अभिजात भाषा दुसऱ्या भाषा म्हणून ठेवण्याचे धोरण आले. विद्यार्थी फारसी घेऊन बी.ए. होऊ शकत होता, मराठी घेऊन नाही.

न्यायमूर्ती रानडे यांनी ही गोष्ट मनावर घेतली. मराठीत अभ्यासण्याजोगे साहित्यच नाही, हा आक्षेप खोडून काढण्यासाठी त्यांनी मराठी ग्रंथांचा आढावा घेतला आणि विद्यापीठाच्या सभांत वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांना जागा मिळाली. आज कालिन्याला मराठी विभाग आहे आणि उर्दू, फारसी, अरबीचेही विभाग आहेत. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला त्यात समाधान वाटते. भाषेला विद्यापीठात जागा आपोआप मिळत नाही, कोणीतरी ती चिकाटीने मागावी लागते.

आपण कुठे होतो?

पहिल्या काही दशकांच्या पदवीधरांत मुसलमान नावे शोधावी लागतात. कारणे एकापेक्षा जास्त होती. गरिबी होती, इंग्रजी शिक्षणाबद्दल संशय होता, आणि कोकणातल्या आपल्या घरांत दर्यावर्दी व व्यापारी धंद्यांकडे ओढा होता. मुलगा जहाजावर गेला की कमाई लगेच सुरू होई, पदवीला मात्र वर्षे लागत आणि शहरात राहण्याचा खर्च वेगळा.

ही कोंडी ओळखली ती बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी. १८७४ मध्ये त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. त्यांच्यासोबत बंधू कमरुद्दीन तय्यबजी होते, मुन्शी गुलाम मुहम्मद होते आणि नाखुदा मुहम्मद अली रोगे होते. रोगे आपल्या कोकणी मुसलमानांपैकी, घराणे जहाजांच्या व्यवसायातले. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर तय्यबजींनी मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८९३ मध्ये बोरीबंदरसमोर अंजुमनची देखणी इमारत उभी राहिली. राजाबाई टॉवरपासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण शाळेच्या बाकापासून त्या मनोऱ्यापर्यंत पोहोचायला समाजाला आणखी एक-दोन पिढ्या लागल्या.

नंतरचा टप्पा इस्माईल युसूफ महाविद्यालयाचा. सर मोहम्मद युसूफ हे जहाजांच्या व्यवसायातले नाव. मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी १९१४ मध्ये आठ लाख रुपये दिले आणि त्यातून १९३० मध्ये जोगेश्वरीच्या टेकडीवर हे सरकारी महाविद्यालय सुरू झाले. पनवेलकरांना त्यांचे नाव दुसऱ्या कारणाने ओळखीचे असेल. आपल्या तालुक्यातील न्हावा येथे खलाशांना शिक्षण देणारी 'रहमान' ही संस्था त्यांचीच. एकाच माणसाने समुद्रावर जाणाऱ्या मुलांसाठी न्हाव्याला सोय केली आणि पदवी घेऊ पाहणाऱ्यांसाठी जोगेश्वरीला. पुढे १९६८ मध्ये नागपाड्यात महाराष्ट्र महाविद्यालय निघाले.

मुलींची वाट आणखी अवघड होती. विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना पदवीची दारे उघडली आणि त्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. नियम बदलला तरी घरापासूनचे अंतर बदलत नाही, आणि आमच्या मुलींसाठी अडचण बहुतेक वेळा अंतराचीच असते.

सिंधपासून सात जिल्ह्यांपर्यंत

एकेकाळी या विद्यापीठाचा पसारा अफाट होता. कराचीचा, अहमदाबादचा, धारवाडचा आणि पुण्याचा विद्यार्थी मुंबईचीच परीक्षा देई. १९४७ मध्ये सिंधचे विद्यापीठ झाले. १९४९ च्या आसपास पुणे, गुजरात, बडोदा आणि कर्नाटक ही विद्यापीठे निघाली आणि मुंबईचा पसारा एकदम आकसला. पुढे कोकण त्याच्याकडे आले. आज मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. ४ सप्टेंबर १९९६ रोजी 'बॉम्बे'चे अधिकृतपणे 'मुंबई' विद्यापीठ झाले.

दरम्यान विद्यापीठ स्वतःही शिकवू लागले होते. १९०४ च्या कायद्याने तशी वाट मोकळी केली होती. १९१९ मध्ये अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला; समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, आणि त्यांच्यानंतर गो. स. घुर्ये. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला, जो पुढे माटुंग्याची नामांकित संस्था बनला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये याच विद्यापीठाचे बी.ए. झाले. १९२४ मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीपुढे दिलेल्या निवेदनात, नुसत्या परीक्षा घेणे हे विद्यापीठाचे खरे काम नव्हे, अशी भूमिका त्यांनी मांडली. पुढे १९४६ मध्ये त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले.

फोर्टची जागा अपुरी पडू लागल्यावर सांताक्रूझ पूर्वेला कालिन्यात दोनशेहून अधिक एकरांवर विद्यानगरी वसली. बहुतेक पदव्युत्तर विभाग, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि परीक्षा भवन तिथे आहे. रत्नागिरी, ठाणे, कल्याण आणि सिंधुदुर्ग येथे उपकेंद्रे आहेत. १९७१ पासून पत्राद्वारे शिक्षण सुरू झाले, त्याने नोकरदारांना आणि लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या कितीतरी बायकांना पदवीपर्यंत नेले.

पनवेलची वाट

पूर्वी पनवेलहून मुंबईला जायचे तर बंदरातून होडीने किंवा वळसा घालून रस्त्याने. मुलाला शिकवायचे म्हणजे मुंबईत नातेवाईक हवा. वाशीचा खाडीपूल सत्तरच्या दशकात झाला आणि लोकल पनवेलला आली ती १९९८ मध्ये.

पण त्याआधीच विद्यापीठ आपल्याकडे आले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९७० मध्ये पनवेलला महाविद्यालय काढले, त्याला महात्मा फुल्यांचे नाव दिले. १९९७ मध्ये नवीन पनवेलला चांगू काना ठाकूर महाविद्यालय सुरू झाले. पिल्लई समूहाची महाविद्यालयेही त्याच काळातली. आणि २०११ मध्ये अंजुमन-ए-इस्लामने नवीन पनवेलला काळसेकर तांत्रिक संकुल उभारले. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि वास्तुकला एकाच आवारात. १८७४ मध्ये बोरीबंदरच्या परिसरात लावलेल्या रोपाची फांदी १३७ वर्षांनी आपल्या गावी पोहोचली.

आजचा प्रश्न

आठशेहून अधिक महाविद्यालयांचा हा गाडा आता जड झाला आहे. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घाईचा निर्णय अंगाशी आला, निकाल रखडले, कित्येकांचे पुढचे प्रवेश हुकले आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. परीक्षेसाठीच जन्मलेले विद्यापीठ परीक्षेतच अडखळले. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालय बाहेर पडून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात सामील झाले. रानडे-भांडारकरांचे महाविद्यालय आज मुंबई विद्यापीठाचे नाही. अनेक महाविद्यालये स्वायत्त झाली आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हातात. कोकणासाठी वेगळे विद्यापीठ हवे, ही मागणीही जुनी आहे.

यातले काय चांगले, काय वाईट, याची चर्चा होत राहील. पण आपल्या समाजाने त्या चर्चेत असायला हवे. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम ठरवणार असेल, तर तिथे उर्दू विषय ठेवा, असे सांगायला पालक म्हणून आपण जातो का? कलाशाखेत मराठीतून उत्तरपत्रिका लिहिता येते. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलीला इंग्रजी जड जात असेल, तर चांगले मराठी ही तिच्यासाठी दुसरी वाट आहे. म्हणूनच उर्दू शाळेत मराठीचा तास 'पास होण्यापुरता' घेऊ नये, असे मला वाटते.

आणि एक गोष्ट घराघरांत बोलायला हवी. 'मुंबई लांब आहे, मुलीला कुठे पाठवणार?' हे उत्तर आपल्या आजी-आजोबांच्या काळात खरे होते. होडी होती, पूल नव्हता, ओळखीचे घर नव्हते. आज पनवेलच्या मुलीसाठी विद्यापीठ रिक्षाच्या अंतरावर आहे. बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यातील किती मुलींनी अर्ज भरला, हे मोजा. जिने भरला नाही, तिच्या घरी जाऊन विचारा, आणि अडचण फीची असेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज तिच्यासोबत बसून भरा.