जुम्मादादांची पाटी आणि पहलवानाचा गुडघा

बडोद्यात एक जुनं व्यायाममंदिर आहे. नाव, श्री जुम्मादादा व्यायाममंदिर. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांच्या हाताखाली तयार झालेले मराठी शिष्य म्हणजे प्रोफेसर माणिकराव, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातले ‘राजरत्न’. शिष्याचं नाव पुढे देशभर झालं, उस्तादांपेक्षा कितीतरी मोठं झालं. पाटीवर मात्र नाव उस्तादांचंच राहिलं. सोलापुरात मी ही गोष्ट कोणाला सांगितली, की मुसलमान मित्रांनाही नवीन वाटते आणि हिंदू मित्रांनाही.

माणिकरावांची आठवण निघते ती कवायत, मल्लखांब, लाठी यांवरून. कवायतीचे इंग्रजी हुकूम जाऊन आपल्या भाषेतले हुकूम आले, त्यात त्यांचा मोठा वाटा. मला त्यांच्या दुसऱ्या कामाचं अप्रूप जास्त आहे. ते नावाजलेले हाडवैद्य होते. व्यायाम शिकवणारा माणूस निखळलेले सांधेही बसवतो, याचं तेव्हा कोणाला नवल वाटत नसे. कुस्तीतला निम्मा डाव म्हणजे समोरच्याचा सांधा त्याला नको त्या दिशेला नेणं. मनगट, कोपर, खांदा कुठपर्यंत वळतो आणि कुठे सुटतो, हे ज्याच्या बोटांना रोज कळतं, त्यालाच तो जागेवर कसा आणायचा हेही उमगतं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तोच शब्द लाल मातीच्या हौद्यापाशी येऊन बसला. उस्तादाचा वस्ताद झाला. पहलवान, कुस्ती, जोर, मालिश, खुराक, सगळे फारसीतून आलेले पाहुणे, आता घरचेच. (वर्गात हे सांगितलं, की मागच्या बाकावरची पोरंही वर बघतात.) पाय मुरगळला की आमच्या घरी ‘मोच आयी’ म्हणतात, दुखणं तेच आणि हळदीचा लेपही तोच.

तालमीत मोठी दुखापत क्वचित होते. पहलवानाला खातं ते बारीक, चिवट दुखणं. खांदा वर नेताना एका जागी कळ मारते. गुडघा बैठकांच्या वेळी कुरकुरतो, दुपारी गप्प बसतो, दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. जुन्या तालमीत यावर रोजचा इलाज होता. मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती खेळवून मऊ ठेवायची. मेहनतीनंतर एकमेकांना मालिश करायची. मालिश करणाऱ्याच्या अंगठ्याला सूज आधी कळे, पहलवानाच्या तोंडून नंतर. चांगला वस्ताद तेवढ्यावरून पोराची लढत थांबवी, त्याला हलक्या जोडीवर ठेवी.

पण याच तालमीने एक वाईट सवयही लावली. दुखतं म्हणणारा कसला पहलवान! फक्कड वाटतं ऐकायला. या वाक्यापायी पोरं गुडघ्याला पट्टी गुंडाळून लढतात आणि घरी लपवतात. माझ्या वर्गातही अशी मुलं येतात, जिन्यावर एकेक पायरी कठड्याला धरून चढणारी. विचारलं तर म्हणतात, ‘कुछ नहीं सर.’

खाशाबा जाधवांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण अर्धंच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनला गेले, तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवीन होती. तरी सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या ऑलिंपिकची वाट अडवली ती गुडघ्याच्या दुखापतीने. पदकाचा पुतळा होतो, गुडघ्याचा होत नाही.

मातीवर पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट घालून उभा राहिलेला पाय चिकटून बसतो; वरचं शरीर गर्रकन फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. आत हाडाला हाड बांधणारे दोर असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. मधे कूर्चेची गादी असते. सोलापूर जिल्ह्यातली पोरं आज जत्रेच्या फडात मातीवर लढतात आणि स्पर्धेत मॅटवर. एकाच गुडघ्याने दोन्ही सांभाळायचं.

इथे हाडवैद्याची हद्द येते. निखळलेला खांदा कसबी हात बसवेल. तुटलेल्या लिगामेंटला बसवायला हाडच नसतं. आणि मोडलेल्या हातावर कामट्या करकचून बांधल्या, तर रक्त अडून बोटं काळी पडतात, हात गमावण्याची वेळ येते. हाडवैद्याला अडाणी म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही, आणि ‘आमच्या बाबांच्या हातात जादू आहे’ म्हणणाऱ्यांशीही जमत नाही.

जपानने यातून एक वाट काढली. तिथेही ज्युदो-जुजुत्सूचे गुरू हाडं बसवत. १९२० साली सरकारने त्यांच्या विद्येला कायद्यात जागा दिली. आज ते रीतसर अभ्यास करून, परीक्षा देऊन परवाना घेतात आणि मोडलेलं हाड दिसलं तर डॉक्टरकडे पाठवतात. आपल्याकडे त्याच सुमारास बडोद्यात माणिकराव होते. पुढे १९३६ पासून द. चिं. मुजुमदारांनी बडोद्यातूनच व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. ग्रंथ होते, हात होते, राजाश्रय होता. महाराष्ट्रातल्या वस्तादाच्या हाताला मात्र तसा परवाना मिळाला नाही. त्याची विद्या मुलाकडे किंवा आवडत्या शिष्याकडे गेली, आणि जिथे मुलगा रिक्षा चालवायला लागला तिथे ती थांबली. सोलापुरातल्या कितीतरी तालमी आज गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझीमवरूनच ओळखल्या जातात.

जे हाडवैद्य उरलेत, त्यांतले काही आता हात लावण्याआधी एक्स-रे काढून आणायला सांगतात. हे मला आवडतं. फक्त एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. म्हणून गुडघा सुजला असेल, मधेच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर मी पालकांना सांगतो की मालिश थांबवा, पोराला मॅटवरून उतरवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. सिव्हिल हॉस्पिटलचा केसपेपर काढून द्यायला मी स्वतः येतो.