मों ब्लांचे वाटाडे आणि त्यांची सनद

इ. स. १७६० मध्ये जिनीव्हाच्या एका सधन घराण्यातील ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा वीस वर्षांचा तरुण शामोनीच्या खोऱ्यात प्रथम आला, आणि मों ब्लांच्या धवल शिखराने तो इतका भारून गेला, की या शिखराची वाट जो कोणी शोधून काढील त्यास भरघोस इनाम मिळेल असा जाहीरनामा त्याने खोऱ्यातील गावोगावी प्रसिद्ध करविला. या इनामाची कथा आल्प्सच्या प्रत्येक इतिहासकाराने सांगितली आहे. परंतु त्याच जाहीरनाम्यात आणखी एक वचन होते, आणि माझ्या मते त्याचे महत्त्व इनामाहून अधिक आहे. प्रयत्न करूनही जे विफल होऊन परततील, त्यांनाही त्यांच्या बुडालेल्या दिवसांची मजुरी देण्याचे सोस्यूरने कबूल केले होते. पर्वतावर जाणाऱ्या गरीब माणसाचा दिवस बुडतो, त्या दिवसाला किंमत असते, आणि यश येवो वा न येवो ती किंमत ज्याच्या हौसेखातर तो चढला त्याने चुकती केली पाहिजे, हे तत्त्व येथे उच्चारले गेले. आणि वाटाडे बरोबर घेऊन उंच शिखरावर जाण्याच्या आजच्या साऱ्या व्यवहाराचे बीज मला त्या एका वचनात दिसते.

शामोनी त्या काळी साव्हॉयच्या मुलखातले, म्हणजे सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखालचे, एक दरिद्री खेडे होते. थोडी ओटाची शेती, थोडी गुरे, आणि पोट भरेना तेव्हा कड्यांच्या कपारींतून स्फटिक शोधणे किंवा शामवा नावाच्या रानबकऱ्यांची शिकार करणे, हा तेथील पुरुषांचा उद्योग. १७४१ साली विंडम आणि पोकॉक हे इंग्रज प्रवासी हत्यारबंद नोकरांसह तेथील हिमनदी पाहावयास आले, त्यांना वाट दाखविली ती याच लोकांनी. बर्फाखाली दडलेली भेग कोठे असेल, दुपारच्या उन्हात कोणता उतार कोसळेल, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यानुपिढ्या आले होते. मात्र त्याला बाजारात भाव असू शकतो ही कल्पना त्यांना परक्या प्रवाशांनीच आणून दिली.

सोस्यूरचे इनाम मिळावयास सव्वीस वर्षे लागली. ८ ऑगस्ट १७८६ रोजी सायंकाळी गावचा वैद्य मिशेल-गाब्रिएल पाकार आणि स्फटिक शोधणारा झाक बाल्मा हे दोघे शिखरावर पोहोचले. बाल्माला इनाम आणि कीर्ती मिळाली. पाकारचे श्रेय मात्र मत्सरी लेखण्यांनी असे पुसून टाकले, की १८८७ साली गावात जो पुतळा उभारला गेला त्यात सोस्यूर आणि बाल्मा यांनाच स्थान मिळाले, आणि वैद्याचा पुतळा उभा राहावयास आणखी ९९ वर्षे जावी लागली. या अन्यायाची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खरी मोहीम म्हणावी अशी गोष्ट घडली ती पुढच्या वर्षी. १ ऑगस्ट १७८७ रोजी सोस्यूर स्वतः निघाला तो १८ वाटाडे आणि एक खासगी नोकर बरोबर घेऊन. वायुभारमापके, उष्णतामापके, आकाशाच्या निळाईची छटा मोजण्याचे यंत्र, भेगा ओलांडण्यासाठी शिडी, तंबू, अंथरूण, सरपण आणि शिधा असा सारा सरंजाम त्या अठरा जणांच्या पाठीवर होता. पहिला मुक्काम खडकावर, दुसरा थेट हिमाच्या पठारावर, आणि तिसऱ्या दिवशी शिखर, ही जी दिवसांची वाटणी त्याने केली, तिच्यात पुढील अनेक दशकांच्या मोहिमांचे मूळ आहे. दुसऱ्या मुक्कामावरील एक प्रसंग त्याने नोंदवून ठेवला आहे. तंबूसाठी बर्फ खणण्यास वाटाडे सरसावले; दिवसभर अवजड ओझी वाहूनही न थकणारी ती माणसे, पण पाच-सहा फावडी बर्फ उपसले नाही तोच प्रत्येकाला धाप लागून खाली बसावे लागे आणि फावडे दुसऱ्याच्या हाती द्यावे लागे. विरळ हवेचा परिणाम सोस्यूरने पुढे शिखरावर चार तासांहून अधिक वेळ थांबून आपल्या यंत्रांनी मोजला, हे खरे. पण तत्पूर्वी तो वाटाड्यांच्या छातीने मोजला होता. गावातून दुर्बिणीने पाहणाऱ्या त्याच्या पत्नीने आणि मेहुण्यांनी तो पोहोचल्याची खूण म्हणून निशाण उभारले. त्या अठरा जणांच्या बायका त्या वेळी कोठे उभ्या होत्या, याची नोंद कोणी केलेली नाही.

त्यानंतरच्या तेहतीस वर्षांत शिखरावर जाणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढली, परंतु वाटाडा आणि प्रवासी यांच्यामधला व्यवहार तोंडीच राहिला. किती माणसे घ्यावयाची, मजुरी काय, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हवा बिघडली तर परत फिरण्याचा निर्णय कोणाचा, याला कोणताही लेखी आधार नव्हता. ज्याच्या थैलीतून मजुरी निघे त्याचाच शब्द अखेरचा, हा अलिखित दस्तूर होता. १८२० च्या ऑगस्टात त्याचे फळ दिसले. रशियाच्या झारच्या पदरी असलेले डॉक्टर हॅमेल, ऑक्सफर्डचे दोन तरुण इंग्रज आणि त्यांचे वाटाडे ग्राँ म्यूले या खडकावर वादळामुळे अडकून पडले. ताजे बर्फ पडलेले असल्यामुळे उतरून जावे असे वाटाड्यांचे मत होते, पण ते प्रवाशांपुढे टिकले नाही, अशी हकीगत शामोनीत पुढे दीर्घकाळ सांगितली जात असे. दोष नेमका कोणाचा याचा निवाडा आज करणे कठीण असले, तरी २० तारखेस मंडळी वर चढली एवढे निश्चित. माथ्याखालच्या उतारावर नव्या बर्फाचा थर पायांखालून सरकला, आणि आघाडीचे वाटाडे खालच्या भेगेत फेकले गेले. दोघे कसेबसे बाहेर निघाले. प्येर बाल्मा, प्येर कार्ये आणि ओग्युस्त तेराझ हे तिघे मात्र बर्फाखाली गाडले गेले. काठ्यांनी चाचपून आणि हाका मारूनही त्यांचा ठाव लागला नाही. प्रवाशांपैकी एकाच्याही जिवास अपाय झाला नाही.

या तिघांचा शोध पुढे निसर्गानेच लावला. हिमनदी प्रतिवर्षी किती अंतर सरकते याचा अभ्यास केलेल्या जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ही प्रेते सुमारे चाळीस वर्षांनी पायथ्याशी प्रकट होतील असे भाकीत केले होते, आणि १८६१ च्या ऑगस्टात बोसाँ हिमनदीच्या मुखाशी खरोखरच मानवी अवयव, कपड्यांच्या चिंध्या, चेपलेला कंदील आणि शिध्यातला मांसाचा तुकडासुद्धा बाहेर येऊ लागला. त्या भेगेतून जिवंत निघालेल्यांपैकी एक वाटाडा, मारी कुते, तोपर्यंत वृद्ध झाला होता. त्याला ते अवशेष दाखविण्यात आले, तेव्हा बर्फाने जसाच्या तसा राखलेला एक हात त्याने ओळखला. तो त्याच्या सोबत्याचा, प्येर बाल्माचा होता.

परंतु गावाने चाळीस वर्षे वाट पाहिली नव्हती. दुर्घटनेला वर्ष होते न होते तोच, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांची कंपनी स्थापन झाली, आणि १८२३ मध्ये तिच्या नियमांना सरकारी मंजुरी मिळून तिला जणू सनदच प्राप्त झाली. या नियमांत मोहिमेची आखणी प्रथमच कायद्याच्या भाषेत उतरली. कोणत्या सफरीस किती मजुरी याचे दरपत्रक ठरले. मुख्य वाटाडा नेमून त्याच्या दप्तरी सर्वांची नावे क्रमवार नोंदली जाऊ लागली, आणि प्रवासी येताच ज्याची पाळी असेल त्याने निघावे, असा नियम झाला. पंढरपुरास बडव्या-उत्पातांच्या पाळ्या लागत, तशाच या. मों ब्लांसाठी प्रत्येक प्रवाशामागे चार वाटाडे घेणे बंधनकारक झाले, आणि शतकाच्या मध्याला त्या प्रत्येकाची मजुरी १०० फ्रँक होती. म्हणजे एकट्या माणसाने शिखर गाठावयाचे म्हटले, तर नुसत्या वाटाड्यांपायी ४०० फ्रँक खर्ची पडत. आणि या सर्वांबरोबर एक साहाय्यनिधी उभारण्यात आला. जायबंदी झालेल्या वाटाड्याला आणि मृताच्या कुटुंबाला त्यातून आधार मिळावयाचा होता. सोस्यूरने बुडालेल्या दिवसाची किंमत मान्य केली होती. गावाने आता बुडालेल्या आयुष्याची तजवीज केली.

शिध्याच्या बाबतीत मात्र कंपनीचे नियम फारसे काही सांगत नसत, आणि म्हणून तेथे हौसेला मोकळे रान मिळे. १८५१ साली आल्बर्ट स्मिथ हा लंडनचा लेखक तीन सोबत्यांसह मों ब्लां चढला, तेव्हा नियमाप्रमाणे १६ वाटाडे आणि त्यांखेरीज पुष्कळ हमाल त्याच्याबरोबर होते. त्याने प्रसिद्ध केलेल्या यादीत साध्या मद्याच्या ६० बाटल्या, त्याखेरीज उंची मद्ये, ११ मोठी आणि ३५ लहान कोंबडी, मेंढ्याच्या ४ तंगड्या, पाव, चीज, चॉकलेट आणि सुके मनुके यांची नोंद आहे. विरळ हवेत भूक मरते हे सोस्यूरच्या काळापासून ठाऊक होते, तरी ही यादी अनाठायी होती असे मला वाटत नाही. इतक्या कष्टकरी माणसांना दोन दिवस बर्फात राबवावयाचे तर त्यांना पोटभर खावयास घालणे हे यजमानाचे कर्तव्यच होते. पुढच्या वर्षापासून स्मिथने लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये या आरोहणावर चित्रांसह व्याख्याने सुरू केली. ती सहा वर्षे चालली, आणि शामोनीकडे इंग्रजांची रीघ लागली.

पण सनदेचे दोषही याच काळात उघडे पडले. पाळीच्या नियमामुळे निष्णात वाटाडा आणि जेमतेम वाट ठाऊक असलेला गडी यांना एकच दर मिळे, आणि प्रवाशाला आपल्या विश्वासाचा माणूस निवडता येत नसे. १८५५ मध्ये हडसन, केनेडी हे इंग्रज गिर्यारोहक आणि त्यांचे साथी वाटाड्यांवाचून, दुसऱ्या बाजूने शिखरावर जाऊन आले. जॉन टिंडलसारख्या शास्त्रज्ञालाही चारऐवजी एकाच वाटाड्यासह जाण्यासाठी मुख्य वाटाड्याकडून सूट मिळवावी लागली. कालांतराने शास्त्रीय कामासाठी येणारे, एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रिया आणि अल्पाइन क्लबचे सभासद यांना निवडीची मुभा देण्यात आली. इंग्रज गिर्यारोहकांच्या या तक्रारींत तथ्य होते. तरीही त्यांच्या लेखनात कंपनीला सरसकट लोभी ठरविण्याचा जो सूर आढळतो, तो मला मान्य नाही. ज्या गावाने तीन माणसे गमावून हे नियम केले, त्याला पाळीचा अर्थ निराळा होता: धोका आणि उत्पन्न ही दोन्ही सर्व घरांत सारखी वाटली जावीत.

नियमांत एक उणीव मात्र खरोखरच होती. माणसांची संख्या ठरली, दर ठरला, निधी ठरला. पण परत फिरण्याच्या निर्णयाबाबत व्यवहार जुनाच राहिला. १८७० च्या सप्टेंबरात दोन अमेरिकन आणि एक स्कॉटिश प्रवासी, ३ वाटाडे आणि ५ हमाल असे अकरा जण शिखराजवळ वादळात सापडले, आणि त्यांच्यापैकी एकही परतला नाही. प्रवासी अनुभवी नव्हते. त्या अकरांत आठ जण मजुरीसाठी आलेले होते.

आज मों ब्लांचे प्रमाण उलटे झाले आहे. निवारे, आगगाडी आणि तारेवरच्या पाळण्यांमुळे ओझी वाहणारे हमाल नाहीसे झाले, आणि चार वाटाड्यांच्या जागी दोन प्रवाशांमागे एक वाटाडा हा सर्वसाधारण प्रघात पडला. मोहिमेच्या पहिल्या दिवसांत कमी उंचीच्या शिखरांवर शरीराला विरळ हवेची सवय करावयाची, निवाऱ्यातील जागा आधीच राखून ठेवावयाची, आणि हवामान बिघडल्यास बेत सोडून देण्याचा अधिकार वाटाड्याकडे राहील हे प्रवाशाने निघण्यापूर्वीच मान्य करावयाचे, अशी आता त्या आखणीची कलमे असतात. कंपनी अजून चालू आहे. दरवर्षी १५ ऑगस्टला गावात तिचा उत्सव होतो, आणि त्या निमित्ताने जमणारा पैसा १८२१ पासून चालत आलेल्या साहाय्यनिधीत जातो.