खुंजा हुमायून : पुसलेल्या चेहऱ्याची राणी

रेवदंड्याची पडकी तटबंदी पाहताना इतिहासप्रेमींना १५७०-७१ चा वेढा आठवतो. चौलचे जुने बंदर निजामशाहीचे, तर कुंडलिकेच्या मुखावरचे रेवदंडा पोर्तुगिजांचे. तरुण मुर्तजा निजामशाहाने मोठी फौज आणून रेवदंड्याला कित्येक महिने वेढा घातला, आणि तो फसला. त्याच्या थोडे आधी, १५६९ च्या सुमारास, मुर्तजाने आणखी एक सत्ता मोडून काढली होती. तिथे मात्र त्याला यश आले. ती सत्ता होती त्याच्या आईची.

खुंजा हुमायून ही हुसेन निजामशाहाची राणी. तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांतच, १५६५ मध्ये, हुसेन वारला. मुलगा अल्पवयीन असल्याने कारभार राणीच्या हाती आला. तिने आपल्या भावांना मोठ्या जहागिरी दिल्या, त्यामुळे दरबारी सरदार बिथरले. अखेर मुलानेच तिला कैद केले.

इथवरची कथा दख्खनच्या राजकारणात नवी नाही. वेगळेपण आहे ते एका हस्तलिखितात. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे आफताबी नावाच्या कवीने रचलेले हुसेनच्या स्तुतीचे फारसी काव्य. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रशैलीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. मध्ययुगीन मुसलमान दरबाराच्या चित्रात राणी सहसा दिसत नाही. पडद्याआडची स्त्री चितारायची तरी कशी? इथे मात्र ती सुलतानाच्या शेजारी, थेट सिंहासनावर बसलेली आहे.

किंवा होती, असे म्हणावे लागेल. कारण काही चित्रांत तिची आकृती नंतर घासून, रंग फासून पुसून टाकलेली आहे. सुलतान तसाच, सेवक तसेच, फक्त शेजारी एक डाग. निरखून पाहिल्यास त्याखाली देहाची रेषा जाणवते. हे काम तिच्या कैदेनंतर झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राणीचे असे उघड चित्रण कुणा नंतरच्या मालकाला अनुचित वाटले असेल, हीही शक्यता उरतेच. पण पहिला तर्क अधिक पटणारा आहे.

तिच्या मुलीच्या वाट्याला नेमके उलटे आले. १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी ती हीच. १६०० मध्ये ती स्वकीयांच्याच हातून मारली गेली. घोड्यावर स्वार, हातावर ससाणा, अशी तिची चित्रे जगभरच्या संग्रहालयांत आढळतात. पण ती बहुतांशी अठराव्या शतकातली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांनी काढलेली आहेत. चित्रकाराने तिला पाहिलेच नव्हते. त्याने रंगवली ती आख्यायिका.

जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव आणि पती शहाजीराजे, दोघेही कधीकाळी याच निजामशाहीचे सरदार. १६७४ मध्ये, राज्याभिषेकानंतर बाराव्या दिवशी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊंचे निधन झाले. शिवरायांची सतराव्या शतकातली चित्रे युरोपच्या संग्रहांत सापडली आहेत. जिजाऊंचे निर्विवाद समकालीन चित्र आज उपलब्ध नाही. दिनदर्शिकांवर आणि शाळेच्या भिंतींवर दिसणारी, डोईवर पदर घेतलेली करारी मुद्रा छपाईच्या युगातल्या चित्रकारांनी कल्पनेने उभी केलेली आहे.